हिन्नोमचं खोरं आणि मागची खोली

“आई गेली. शनिवारी अकराला चर्चमध्ये. आणि प्लीज, तिथे पत्रकं वाटू नकोस.” सुवार्तामावशींच्या मुलाने, प्रभाकरदादांनी, एवढंच सांगून फोन ठेवला. मी फोटोकॉपीच्या दुकानात कामावर होते. मशीन चालू होतं आणि त्यातून कोणाच्या तरी लग्नाची आमंत्रणं भराभर बाहेर पडत होती. मी ती उचलून, कडा जुळवून, गठ्ठे लावत राहिले… दुसरं काय करायचं ते सुचेना. सुवार्तामावशी गेल्या हे मला खरं कळलं ते संध्याकाळी, घरी जाताना, त्यांच्या वसाहतीकडे वळणारा रस्ता आला तेव्हा. हाताने आपोआप सिग्नल दिला होता. मागचा ट्रकवाला हॉर्न मारत होता आणि मी ना वळत होते, ना पुढे जात होते.

शनिवारी मी पत्रकं नेली नाहीत. पण तिथे जे बोललं गेलं ते ऐकून वाटलं, न्यायला हवी होती. एकामागून एक माणसं उठली आणि सांगू लागली, सुवार्ताबाई किती शांत, किती सोशिक, कधी कुणाचं मन दुखवलं नाही, मुलाच्या संसारात कधी लुडबुड केली नाही. महाराष्ट्र मंडळाच्या अंकातही चार ओळी आल्या, त्यातही ‘शांत स्वभावाच्या’ आहेच. मला हे मान्य नाही. ज्या बाईचं एक वाक्य ह्यूस्टनभरच्या मराठी घरांत महिनाभर चघळलं गेलं, जिच्याकडे त्यानंतर हीच माणसं चहालासुद्धा फिरकली नाहीत, ती आता शांत झाली का? मेलेल्या माणसाला शांत म्हणायला काही लागत नाही. ते उलटून बोलणार नसतं. मी म्हणून हे लिहिते आहे. मला लेख लिहायची सवय नाही, पत्रकं लिहायची आहे. चालवून घ्या, किंवा नका घेऊ.

ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येला, शुगर लँडच्याही पुढे, तेलाच्या तेजीत भराभर घरं उभी राहिली त्यातली त्यांची वसाहत. बिल्डरने तिच्या नावात ‘व्हॅली’ घातली होती. त्या भागातली जमीन परातीच्या तळासारखी सपाट. टेकडी सोडा, उंचवटा पाहायचा तर फ्रीवेच्या पुलावर चढावं लागतं. वसाहतीच्या दक्षिणेला सांडपाण्याचा नाला, त्यापलीकडे झाडांची दाट रांग, आणि त्या रांगेमागे एका कंपनीची जागा. कारखान्यांतला रासायनिक गाळ तिथे खड्ड्यांत ओतायचा, आणि जो ओतता येत नाही तो जाळायचा, हा तिचा धंदा. घर घेताना लोकांना सांगितलं होतं की मागे ‘ग्रीन बेल्ट’ आहे. आता कंपनीला आणखी खड्डे आणि आणखी मोठी भट्टी हवी होती, आणि तिचा परमिटचा अर्ज सरकारदरबारी पडून होता. आम्ही मूठभर लोक त्याविरुद्ध घरोघर फिरत होतो. एक निवृत्त बस ड्रायव्हर, एक शाळामास्तर, दोन-तीन गृहिणी आणि मी. पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे होतं, कारण कॉपी फुकट काढणारी मीच.

टेक्सासमध्ये लोकांना थांबवायचं तर शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, काहीतरी हवं, असं मला वाटलं. मी नागपूरच्या हिंदू घरातली, मला त्यातलं काय कळणार? पण गटातल्या सगळ्यांना एक गोष्ट पाठ होती. जेरुसलेम शहराबाहेर हिन्नोम नावाचं खोरं होतं, शहराचा सगळा कचरा तिथे रात्रंदिवस जळायचा, म्हणून त्या खोऱ्याच्या नावावरूनच पुढे नरकाला नाव पडलं. मला हे म्हणजे घबाडच मिळालं. पत्रकाची पहिली ओळ मोठ्या अक्षरात केली: त्यांनी कचरा जाळला त्या जागेला ते नरक म्हणू लागले, तुम्ही तुमच्या जागेला काय म्हणता? मला ती ओळ फार आवडली होती. आजही आवडते.

ते पत्रक घेऊन मी एका दारावर थाप मारली, तर सुती पातळ नेसलेल्या, चष्मा लावलेल्या एक बाई बाहेर आल्या. मी इंग्रजीत माझं भाषण सुरू केलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, माझं नाव विचारलं आणि मराठीत म्हणाल्या, “बरं. व्हॅली सापडली का तुला इथं? मी आल्यापासून शोधतेय.” मग दारातच उभं राहून त्यांनी पत्रक वाचलं. माझ्या कानामागे खोचलेली पेन्सिल मागून घेतली आणि माझी लाडकी ओळ एका रेघेत खोडली.

सुवार्तामावशी अहमदनगरच्या. तिथे त्या मुलींच्या अध्यापक विद्यालयात शिकवत आणि रविवारी चर्चच्या मंडळीत शास्त्राचा भूगोल घेत. नवरा गेल्यावर प्रभाकरदादांनी त्यांना इकडे आणलं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की एका म्हातारीने माझं पत्रक बिघडवलंय. मी म्हटलं, अहो, सगळे सांगतात हे, इथले पाद्रीसुद्धा व्यासपीठावरून सांगतात. “सगळे सांगतात,” त्या म्हणाल्या, “पण शास्त्रात ते नाही.” आणि उंबऱ्यावरच तास सुरू झाला. जळत्या कचऱ्याची गोष्ट शास्त्रात कुठेही नाही. ती पहिल्यांदा येते शेकडो वर्षांनंतर, दूर फ्रान्सात बसून शास्त्रावर भाष्य लिहिणाऱ्या एका विद्वानाच्या लिखाणात. खोदणाऱ्यांना तिथे सापडतात त्या कबरी, जळत्या उकिरड्याची राख नाही. मी वैतागले. म्हटलं, पत्रक म्हणजे प्रबंध नाही मावशी, माणूस ते कचरापेटीपर्यंत नेईस्तोवर त्याला पकडायचं असतं. त्यावर त्या म्हणाल्या, “कंपनीचा वकील हेच तुला सगळ्यांसमोर विचारेल. मग खाली तू जे खरं लिहिलंस, ते कोण वाचेल?”

पुढच्या रविवारी मी परत गेले. भांडायलाच गेले होते. त्या कणीक मळत होत्या. मी म्हटलं, कचरा नव्हता तर मग काय होतं त्या खोऱ्यात, सांगा. त्यांनी कणकेचा गोळा ओट्यावर थापला, बोटांनी वर उचलून डोंगर केले, मधल्या उंचवट्यावर एक लवंग खोचली. ते देऊळ. मग अंगठ्याने पश्चिमेकडून एक घळ दाबत आणली, शहराच्या पायथ्याशी दक्षिणेला वळवली आणि पूर्वेकडच्या ओढ्याच्या घळीत नेऊन सोडली. नगरला त्या मुलींना असंच शिकवायच्या, दरवेळी नवा नकाशा, आणि तास संपला की वसतिगृहाच्या तव्यावर त्याच्याच पोळ्या. हे खोरं आधी फक्त हद्द होतं, त्या सांगू लागल्या, दोन घराण्यांच्या जमिनींमधली. मग राजे आले आणि राजांनी तिथे आपली मुलं बळी म्हणून आगीत दिली. स्वतःची, पोटची. राजांनी केलं म्हटल्यावर लोकांनीही केलं. एक राजा असा निघाला की त्याने ती जागा मुद्दाम बाटवून टाकली, पुन्हा कुणाला तिथे तसलं काही करता येऊ नये म्हणून. एक संदेष्टा मातीचं मडकं घेऊन त्या खोऱ्याकडच्या वेशीत गेला आणि सगळ्यांदेखत ते फोडून म्हणाला की तुमचं असं होणार. त्याच संदेष्ट्याच्या तोंडी आहे की असं करायला देवाने कधी सांगितलं नाही, असलं काही त्याच्या मनातही आलं नाही. हे सांगताना त्या थांबल्या. पुष्कळ वर्षं शिकवूनही त्या जागी त्यांना थांबावंच लागत असावं…

“आता मोज,” त्या म्हणाल्या. “लवंगेपासून खोरं किती लांब?” मी बोटं ठेवून पाहिलं. वीतभरसुद्धा नव्हतं. “सकाळी देवळात जायचं आणि उन्हं उतरायच्या आत तिथे. एवढंच अंतर. मराठीत भाषांतर करणाऱ्यांनी खोऱ्याच्या नावाच्या जागी सरळ ‘नरक’ लिहून टाकलं. झालं, खोरं गेलं. कुठंतरी मेल्यावर लागणारी जागा झाली ती. अगं, घराच्या मागे होतं ते.” मग त्यांनी लवंग काढून बाजूला ठेवली, डोंगर मोडले, परत मळले आणि माझ्या ताटात वाढले. मी पोळी खात खात भांडत होते. म्हटलं, तुमच्या देवाच्या मनात आलं नव्हतं ठीक आहे, पण त्याने थांबवलं का नाही? त्या म्हणाल्या, थांबवणं राजाचं काम होतं, आणि एकाने ते केलंही होतं, तुझ्या परमिट ऑफिसला ते विचार. त्यांना माझ्याशी भांडायला मजा येत होती हे मला तेव्हा कळलं. कदाचित त्या घरात त्यांच्याशी भांडायला दुसरं कुणी नव्हतंच.

ते घर वाईट नव्हतं, हे सांगायला हवं. प्रभाकरदादा आईला जपत, शीलावहिनी कधी वावगं बोलत नसत. पण दोघं सकाळी दोन गाड्या घेऊन जात, एक तेल कंपनीत, एक हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, आणि मग मावशी आणि ते घर. बस नाही, पायरस्ता नाही, दुकान गाडीशिवाय गाठता येत नाही, उन्हाळ्यात दार उघडलं तर ओल्या घोंगडीत गुंडाळल्यासारखं होतं. नात इंग्रजीत उत्तरं द्यायची आणि खोलीचं दार लावून घ्यायची. नगरला ज्या बाईला रस्त्यात दर दहा पावलांवर कोणी ना कोणी वाकून नमस्कार करायचं, ती इथे पोस्टमन यायच्या वेळी खिडकीशी जाऊन उभी राहायची. मागची खोली त्यांनी स्वतः मागून घेतली होती, नाल्याच्या बाजूची, मोठी. तीच धुराची. दक्षिणेचा वारा सुटला की, आणि इथे समुद्रावरून बहुतेक दिवस तोच सुटतो, खिडकी बंद असली तरी वास आत यायचा. जळलेल्या रबरासारखा, पण गोडसर, जिभेच्या मागे चिकटून बसणारा. त्यांना खोकला होता. मी खोली बदला म्हटलं की म्हणायच्या, “नातीला ती खोली देऊ का मग?”

मी त्यांना रविवारी गाडीतून न्यायचे, कधी लायब्ररीत, कधी भाजीला, कधी नुसतंच. आमच्या गटात बसून त्या पत्रकं दुमडायच्या आणि मधूनच एखादं वाचून विचारायच्या, हे तू पाहिलंस की ऐकलंस? बस ड्रायव्हर म्हातारा त्यांना ‘प्रोफेसर’ म्हणायचा. मी गेले की त्या दारातून आत ओरडायच्या, “शीला, पत्रक आलं गं, चहा टाक.” मला या नावाचा राग यायचा. आता त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नाही…

मग तेलाचे भाव कोसळले. ज्यांनी ह्यूस्टनची ती वर्षं पाहिली त्यांना सांगायला नको, ज्यांनी पाहिली नाहीत त्यांना सांगून खरं वाटणार नाही. गल्लीत एकेका घरापुढचं गवत वाढत जायचं, म्हणजे समजायचं की लोक किल्ल्या बँकेत टाकून निघून गेले. प्रभाकरदादांचा लेऑफ झाला. सोळा-सतरा वर्षं ज्याने रिग डिझाइन केल्या तो माणूस रोज सकाळी शर्ट इस्त्री करून डायनिंग टेबलाशी फोन करत बसू लागला. घराची किंमत कर्जापेक्षा खाली गेली होती. शीलावहिनींच्या पगारात हप्ता जेमतेम निघायचा. विकायचं म्हटलं तर घेणारा नाही, सोडायचं म्हटलं तर नाव जाणार, राहायचं म्हटलं तर मागे ते. मी तावातावाने सांगायचे की अहो, हेच परमिटच्या हिअरिंगमध्ये, जाहीर सुनावणीत, येऊन बोला. ते माझ्याकडे असं पाहायचे की जणू मीच ती भट्टी पेटवली होती.

आपल्या लोकांची इथे एक पद्धत आहे, ती मला कधीच कळली नाही. घर आपल्यातल्या आपल्यात द्यायचं. मंडळाच्या पिकनिकला शब्द टाकायचा, एजंटचं कमिशन वाचवायचं, आणि घेणारा मराठी असला की त्याने इन्स्पेक्टर बोलावून घर तपासायचं नाही, कारण तो अविश्वास झाला. आपला माणूस आपल्याला फसवणार आहे का? अशा विश्वासाने मिलिंद आणि स्वाती आले. तो डॉक्टर, क्युपर्टिनोहून ह्यूस्टनच्या एका हॉस्पिटलात बदलून येणारा. ती सात महिन्यांची पोटुशी. तिकडच्या आभाळाला भिडलेल्या किमती पाहिलेल्या त्या दोघांना इथला भाव ऐकूनच हुरळायला झालं. प्रभाकरदादांनी त्यांना कधी बोलवायचं ते हवामानाच्या बातम्या पाहून ठरवलं. उत्तरेकडून थंडीची लाट येते तेव्हा दोन दिवस वारा उलटा वाहतो, आकाश निळंशार असतं आणि मागे काही आहे याचा पत्ता लागत नाही. हे मला शीलावहिनींनी सांगितलं, माझ्याकडे न बघता, कपड्यांच्या घड्या घालता घालता.

त्याच सुमारास हिअरिंगची तारीख आली. मावशी बोलणार असं ठरलं होतं. दोन मिनिटांचं बोलणं त्यांनी इंग्रजीत बसवलं होतं, त्यात नरक नव्हता, हिन्नोम नव्हतं, फक्त कुठली खोली, कुठला वारा, कधीपासून खोकला. मी न्यायला गेले तर त्या पातळ नेसून, बूट घालून, पर्स मांडीवर घेऊन सोफ्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, मी येत नाही. घराचा सौदा होईस्तोवर कुठे बोलायचं नाही, असा दादांनी शब्द घेतला होता. मी अक्षरशः ओरडले. म्हटलं, ते डॉक्टर लोक बाळाला घेऊन इथे राहायला येणार, आणि तुम्हाला माहीत आहे. तुमच्या त्या खोऱ्यातल्या राजांनी निदान स्वतःची मुलं दिली हो, तुम्ही दुसऱ्याचं देताय. मी हे बोलले. मला त्याचा पश्चात्ताप नाही, तेव्हाही नव्हता. कुणीतरी ते बोलायलाच हवं होतं.

त्या चिडल्या नाहीत. पर्स मांडीवरून उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, “मी मुलींना शिकवताना त्यांना राक्षसच करून टाकायची. ते राक्षस नव्हते गं. वेढा पडलेला, पाऊस नाही, दारात शत्रू… घाबरलेले होते. प्रत्येकाला वाटलं, एवढं दिलं की माझं घर वाचेल.” आणि पायातले बूट काढत, “मी पण घाबरलेय.” मी त्यांना तिथेच सोडून हिअरिंगला गेले. आम्ही बोललो, कंपनीचे वकील बोलले, कोणीही नरकाचं नाव काढलं नाही, आणि निर्णय पुढे ढकलला गेला.

पुढे दोन आठवडे मी गेले नाही. मग त्यांचाच फोन आला. नाताळ जवळ आला होता, करंज्या करायच्या होत्या, आणि रविवारी ‘ती मंडळी’ घर पक्कं करायला येणार होती. मदतीला ये म्हणाल्या, आणि वर, पत्रकं घरी ठेवून ये. मी गेले. आकाश निळंशार होतं. मिलिंद आणि दादा गॅरेजमध्ये वॉटर हीटर बघत होते, शीलावहिनी टेबलावर कप मांडत होत्या, मी करंज्या कातत होते, मावशी तळत होत्या. स्वाती एक हात कमरेवर ठेवून स्वयंपाकघरात आली, गोड मुलगी, सारखी हसणारी. तिने मावशींना विचारलं, तुम्ही इतकी वर्षं राहिलात, सांगा ना, मागची मोठी खोली बाळाला करू का? तिथे रस्त्याचा आवाज येत नाही, निवांत वाटते.

मावशींनी गॅस बंद केला. झारा कढईच्या काठावर आडवा ठेवला. “त्या खोलीत बाळ ठेवू नकोस,” त्या म्हणाल्या. “त्या खोलीतच काय, या घरातही ठेवू नकोस. मागे विष जाळतात. माझा खोकला त्या खोलीतला आहे.”

तो आवाज मोठा नव्हता, पण वर्गातला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. दादा आणि मिलिंद दारात येऊन उभे होते. दादा हसले. म्हणाले, अरे, आईचं वय झालंय, धुराचा बाऊ करते, या मुलीने पत्रकं वाचून दाखवून तिचं डोकं फिरवलंय. मी तोंड उघडलं, तर मावशींनी माझ्या दंडावर हात ठेवून मला गप्प केलं. आणि मिलिंदला म्हणाल्या, “तू डॉक्टर आहेस ना? दक्षिणेचा वारा असेल त्या दिवशी ये. माझ्या पलंगावर तासभर बस. मग माझं डोकं तपास.” स्वातीचा हात कमरेवरून पोटावर आला होता. करंज्या सगळ्यांनी खाल्ल्या, हे मला अजून नवल वाटतं, सगळ्यांनी एकेक करंजी खाल्ली, छान झालीय म्हणाले, चहा घेतला. मग ते दोघं गेले ते गेलेच.

दार लागल्यावर प्रभाकरदादा एवढंच म्हणाले, “आई, तू आपल्याला इथेच पुरलंस.” त्या म्हणाल्या, “हो.” त्या ‘हो’मध्ये माफी नव्हती आणि अभिमान तर नव्हताच. जे घडलं ते घडलं असं मान्य करणारा साधा होकार. शीलावहिनी बेसिनचा नळ सोडून उभ्या राहिल्या, भांडं हातात नसताना.

आणि मग आपला समाज. आईने मुलाचा सौदा मोडला. आपल्याच माणसाने आपल्या माणसाला बुडवलं. वसाहतीतल्या इतर मराठी घरांना तर जास्तच राग, कारण आता त्यांचीही घरं कोण घेणार? माझ्या पत्रकांनी जे साधलं नव्हतं ते एका वाक्याने साधलं होतं, सगळ्यांना खड्डे माहीत झाले होते, आणि सगळे रागावले होते ते त्यांच्यावर. कंपनीवर नाही. हे मला आजही समजत नाही, आणि समजून घ्यायचीही इच्छा नाही. कोणीतरी फोनवर त्यांना विचारलं, सुवार्ताबाई, तुम्हाला गप्प बसता आलं नाही का? त्यावर त्या म्हणाल्या होत्या, “बसले होते की. चांगली दोन वर्षं बसले होते.” ही तुमची शांत स्वभावाची बाई.

दादा घरात त्यांच्याशी कामापुरतं बोलू लागले. त्या त्याच खोलीत झोपत राहिल्या. मी म्हटलं, माझ्याकडे या, माझ्या अपार्टमेंटमध्ये सोफा आहे. त्या म्हणाल्या, मग त्या खोलीत कोण झोपेल? घर तर तेवढंच आहे. पुढच्या हिअरिंगला येणार होत्या, दोन मिनिटांचं बोलणं पुन्हा बसवत होत्या. पण थंडी सरता सरता खोकला छातीत उतरला, हॉस्पिटल झालं, आणि त्या परत घरी आल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं थकलेली होती, कशाने ते सांगता येणार नाही. गटातल्या लोकांनी मला सांगितलं, पत्रक काढ, भट्टीचा पहिला बळी म्हणून त्यांचा फोटो टाक. मी काढलं नाही. धुराने मारलं हे मला वाटतं, खात्रीने वाटतं, पण मी ते पाहिलेलं नाही, आणि ‘हे तू पाहिलंस की ऐकलंस’ असं त्यांनी पहिलंच विचारलं असतं. नव्या पत्रकात फक्त त्यांनी बसवलेली ती दोन मिनिटं आहेत. कुठली खोली, कुठला वारा, कधीपासून. हिअरिंगला ती मीच वाचणार आहे.

चर्चमध्ये त्या शनिवारी सगळ्यात मागच्या बाकावर स्वाती होती, मांडीवर बाळ. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही, आणि जेवणाआधी ती निघून गेली. जी सगळी भाषणं झाली त्यांत त्या बाळाचा उल्लेख कसा येणार? आला असता तर सौद्याचाही आला असता.

गेल्या रविवारी मी प्रभाकरदादांकडे गेले. त्यांना आता तात्पुरतं काम मिळालंय, दोन तासांच्या ड्राइव्हवर. घर विकायला आहेच. अंगणात पाटी आहे, यावेळी एजंटची. मी आत शिरले तेवढ्यात एक अमेरिकन जोडपं घर पाहायला आलं, तरुण, दोघंही हसतमुख, तिच्या हातात मोजपट्टी. मला वाटलं, आता मला इथून निघून जावं लागेल नाहीतर भांडावं लागेल. दादांनी त्यांना बैठकीची खोली दाखवली नाही की स्वयंपाकघर दाखवलं नाही. सरळ मागच्या खोलीत नेलं. मावशींचा पलंग तसाच होता, उशाशी घडी केलेली शाल, भिंतीवर नगरच्या विद्यालयातला मुलींबरोबरचा फोटो. दादांनी खिडकी पूर्ण उघडली आणि बाजूला होऊन उभे राहिले. वास आला. त्या बाईने नाकाला हात लावला आणि विचारलं, हे काय आहे? दादांनी सगळं सांगितलं. झाडांच्या मागे काय आहे, काय जाळतात, अर्ज कशाचा चालू आहे, या पलंगावर कोण झोपत होतं. एखादा इंजिनियर मशीन समजावून सांगतो तसं, क्रमाने, काही न गाळता. ती माणसं आभार मानून गेली. आभार खरे होते, असं मला वाटलं.

स्वयंपाकघरातून शीलावहिनींनी हाक दिली, लावा आता ती खिडकी. दादा म्हणाले, “थांब जरा.” आणि आईच्या पलंगाच्या कडेवर बसले. मी खाली जमिनीवर बसले, भिंतीला टेकून. बाहेर नाल्याच्या पलीकडे झाडं हलत होती. तिकडे बघत ते म्हणाले, “हे घर जाणार नाही.” मी म्हटलं, नाही जाणार. मला आणखी काही बोलायचं होतं, हिअरिंगबद्दल, येणार का म्हणून विचारायचं होतं, पण ते माझ्याकडे पाहत नव्हते… मग शीलावहिनी ट्रे घेऊन आल्या, दारात क्षणभर थांबल्या, आत आल्या आणि पलंगावर त्यांच्या शेजारी बसल्या. आम्ही तिघांनी चहा त्या खोलीतच घेतला, खिडकी उघडी ठेवून.